प्लँटेशनच्या दफ्तरात पूर्वज शोधायचे तर

ताई, बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला राहता. शेजारच्या आफ्रिकन अमेरिकन आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांची आजी सांगायची, "आपण कॅमेरॉनच्या मळ्यावरची माणसं." एवढ्या एका वाक्याच्या आधाराने त्यांना आपलं मूळ शोधायचंय. तुम्ही चॅपेल हिलच्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये 'कॅमेरॉन फॅमिली पेपर्स' शोधलेत आणि खोक्यांची लांबलचक यादी बघून बिचकलात. मालकाच्या घराण्याच्या कागदांत गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांची नावं मिळतात का, आणि मिळत असतील तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

नावं मिळतात. पण बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात. पहिल्यांदा येणारा माणूस पत्रव्यवहाराचं खोकं मागवतो. पत्रं वाचायला रसाळ असतात, त्यात आठवडा जातो, आणि हाती लागतात मालकिणीची दुखणी आणि पुतण्याच्या कॉलेजचा खर्च. ज्या वह्यांत कापड, मका, डुकराचं मांस आणि जोडे मोजले गेले, त्याच वह्यांत ही माणसंही मोजली गेली. म्हणून पत्रं मागे ठेवा आणि हिशेब पुढे घ्या. गेली 19 वर्षं मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या घराण्यांचे कागद लावतोय. त्याआधी पुण्यात मोडी वाचायला शिकलो. दोन्हीकडे अनुभव एकच: कीर्द-खतावणीत नको असलेलं लपवायला फारशी जागा नसते.

आता हे घराणं. रिचर्ड बेनेहॅन हा मूळचा व्यापारी. त्याच्या मुलीचं लग्न 1803 मध्ये डंकन कॅमेरॉन या वकिलाशी झालं आणि दोन्हीकडची मालमत्ता एक झाली. त्यांचा मुलगा पॉल कॅमेरॉन याच्या काळात, 1860 पर्यंत, सुमारे 30,000 एकर जमीन आणि 900 च्या आसपास माणसं या एका कुटुंबाच्या ताब्यात होती. तुमच्या घरापासून जवळच असलेलं स्टॅगव्हिल, आज जपून ठेवलेलं ऐतिहासिक स्थळ, हा त्याच पसाऱ्याचा एक भाग. एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. डरहॅम काउंटी 1881 मध्ये तयार झाली. त्याआधी हा मुलूख मुख्यतः ऑरेंज काउंटीत होता. त्यामुळे 1881 पूर्वीची मृत्युपत्रं, खरेदीखतं, कोर्टाचे कागद डरहॅमच्या नावाने शोधलेत तर काहीच मिळणार नाही, आणि तुम्हाला वाटेल कागद जळले. ते ऑरेंजच्या नावाखाली व्यवस्थित आहेत.

हे कागद विद्यापीठात कसे आले हेही ठाऊक असावं, कारण त्यावरून काय टिकलं आणि काय नाही हे कळतं. जे. जी. द रूलॅक हॅमिल्टन हे चॅपेल हिलचे इतिहासाचे प्राध्यापक मोटार घेऊन दक्षिणभर फिरले, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरचे पेटारे गोळा करून आणले. त्यातून 1930 मध्ये सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन उभं राहिलं. इतकी घरं त्यांनी रिकामी केली की लोक त्यांना 'रॅन्सॅक' हॅमिल्टन म्हणायचे. पण त्यांचं स्वतःचं इतिहासलेखन गोऱ्या वर्चस्वाची बाजू घेणारं होतं, आणि त्यांनी दारं ठोठावली तीही मालकांच्या वंशजांची. ज्यांच्या श्रमांवर ती घरं उभी राहिली त्यांच्या नातवंडांकडे त्या काळात कोणी पेटारा मागायला गेलं नाही. बायबलच्या पानांवर लिहिलेल्या जन्मतारखा, जपून ठेवलेली एखादी पावती, असं किती त्यांच्या घरांतून नाहीसं झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

शिवाय लिहिण्यावरच बंदी होती. नॉर्थ कॅरोलिनात 1830 च्या कायद्याने गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरवला. त्यात सूट होती ती फक्त आकड्यांची. म्हणजे मोजणी चालेल, पत्र चालणार नाही. तरीही काही पत्रं आहेत. अलाबामातल्या मळ्यावरून लुसी स्किपविथ ही बाई व्हर्जिनियातल्या मालकाला लिहायची, ती पत्रं व्हर्जिनिया विद्यापीठात आहेत. पण असं सापडणं विरळा. आजींच्या बाबतीत ती आशा धरू नका.

सुरुवात मात्र खोक्यांपासून करायची नाही. ती आजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी करायची. त्यांना आठवतील तेवढी नावं, टोपणनावं, चर्च, दफनभूमी, सगळं लिहून घ्या. नॉर्थ कॅरोलिनात मृत्यूचे दाखले 1913 पासून राज्यभर मिळतात, त्यात आई-वडिलांची नावं असतात. तिथून जनगणनेत मागे मागे जायचं. 1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद आगीमुळे गेले, तेव्हा 1900 वरून थेट 1880 वर उडी मारावी लागेल. 1880 मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहिलेलं असतं, 1870 मध्ये नसतं. 1870 मध्ये एका घरात राहणारी बाई बायको, बहीण की मुलगी हे तुम्हाला दुसऱ्या कागदावरून ठरवावं लागतं.

1870 ला आमच्या कामात भिंत म्हणतात. त्या वर्षी पहिल्यांदा जनगणनेत या सगळ्या माणसांची नावानिशी नोंद झाली. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती 1873 ची, म्हणजे त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते आहेत: मालकाचं नाव, त्याखाली वय, लिंग, वर्ण. माणसाचं नाव नाही. 35, स्त्री, काळी. 12, मुलगा, काळा. असे रकानेच्या रकाने. त्यामुळे 1870 च्या पलीकडे जायचं तर प्रश्न उलटा करावा लागतो: आपला माणूस कोण होता हे बाजूला ठेवून त्याचा मालक कोण होता हे आधी शोधायचं.

इथे आडनावाचा सापळा आहे. सर्वांना वाटतं, 1865 मध्ये गुलामगिरी संपून स्वातंत्र्य मिळाल्यावर लोकांनी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं. काहींनी घेतलं. अनेकांनी दोन पिढ्या आधीच्या मालकाचं घेतलं, आणि अनेकांची स्वतःची आडनावं पूर्वीपासूनच होती, मालकाने ती वहीत कधी लिहिलीच नाहीत. स्टॅगव्हिलच्या हॉर्टन ग्रोव्ह वस्तीत पिढ्यान्पिढ्या राहिलेलं एक कुटुंब हार्ट आडनावाचं होतं. तेव्हा आजींचं माहेरचं आडनाव कॅमेरॉन नसेल तर नाराज होऊ नका, उलट तो चांगला धागा आहे.

आजीच्या तोंडच्या वाक्यामुळे तुमच्याकडे मालकाचं नाव आधीच आहे. अनेकांना तिथवर यायला वर्षं लागतात. तरी ते वाक्य तपासून घ्या. 1870 मध्ये आजींच्या पणज्याचं घर कुणाशेजारी नोंदलंय बघा. स्वातंत्र्यानंतर पहिली काही वर्षं बरेच लोक जुन्या मळ्याच्या आसपासच मजुरीने किंवा वाट्याने शेती करत होते.

मग खोकी. वर्णनसूचीत, म्हणजे कोणत्या खोक्यात काय आहे हे सांगणाऱ्या यादीत, 'गुलाम' शब्द शोधलात तर अर्ध्या गोष्टी सुटतील. मालक लोक तो शब्द टाळायचे. ते लिहायचे 'सर्व्हंट्स', 'हँड्स', 'आमची माणसं', किंवा 'गोरं आणि काळं कुटुंब'. जुन्या सूची बनवणाऱ्यांनीही तेच शब्द उचलले. हल्ली बऱ्याच ग्रंथालयांत या सूची नव्याने लिहिल्या जातायत आणि आमच्या व्यवसायातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम तेच आहे, पण सगळं झालेलं नाही. म्हणून कापड, ब्लँकेट, जोडे, रेशन, डॉक्टरचं बिल, दाईचे पैसे, कर, वाटणी, असे शब्द शोधा.

जोड्यांची यादी कशी दिसते ते सांगतो. हिवाळ्याच्या तोंडावर मळ्यावरच्या प्रत्येकाला जोड्यांचा एक जोड द्यायचा, म्हणून पायांची मापं घेतली जायची. लांबट घडी घातलेला कागद, डाव्या बाजूला नावं, उजवीकडे मापं. नावं अकारविल्हे नसतात, आणि तिथेच त्या यादीचं मोल आहे. वाटप झोपडीनुसार व्हायचं, म्हणून नावंही झोपडीनुसार येतात. ग्रेस, तिच्याखाली थोड्या आत सरकवून चार मुलं. मग बारीक रेघ. मग पुढची झोपडी. जनगणनेने जे कुटुंब विस्कटून टाकलं, ते जोड्यांच्या हिशेबाने नकळत एकत्र ठेवलं. दरवर्षीची यादी एकाखाली एक ठेवली की मुलांचे पाय वाढताना दिसतात. एखाद्या वर्षी माप तेच राहतं आणि पुढच्या वर्षी नाव नसतं.

नाव गेलं म्हणजे माणूस मेलाच असं धरू नका. 1844 मध्ये पॉल कॅमेरॉनने अलाबामात ग्रीन काउंटीत जमीन घेतली आणि इथली 114 माणसं तिकडे पाठवली. पुढे मिसिसिपीतही जमीन घेतली. त्या वर्षांच्या आसपास गळालेली नावं अलाबामाच्या यादीत शोधा. आजींच्या घराण्याची एक अख्खी शाखा तिकडे असू शकते.

यादीत बाप बहुधा दिसणार नाही. मूल आईच्या स्थितीवर जाईल असा कायदा व्हर्जिनियाने 1662 मध्ये केला आणि तोच पायंडा दक्षिणेत सगळीकडे पडला. मालकाच्या दृष्टीने मूल आईच्या मालकाचं. बाप शेजारच्या मळ्यावरचा असला तर त्याची नोंद ठेवण्याचं आईच्या मालकाला कारणच नव्हतं. इथे मुलांची नावं उपयोगी पडतात. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने याच बेनेहॅन-कॅमेरॉन मळ्यांच्या जन्मनोंदी तपासून दाखवून दिलं की लोक मुलांना बापाची, आजोबांची, काका-मामांची नावं ठेवत होते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. मालकाच्या वहीत बापाला रकाना नव्हता, तर घरच्यांनी तो मुलाच्या नावात ठेवला. आजींच्या कुटुंबात एखादं नाव पिढ्यान्पिढ्या फिरत आलं असेल तर ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

खोल दक्षिणेतल्या, म्हणजे अलाबामा-मिसिसिपीकडच्या, कापसाच्या मळ्यांवर तर छापील वह्या होत्या. मिसिसिपीच्या थॉमस ॲफ्लेकने 1840 च्या दशकात अशा वह्या छापून विकायला सुरुवात केली; 40, 80, 120 मजुरांच्या मळ्यांसाठी वेगवेगळे आकार. प्रत्येकाने रोज किती पौंड कापूस वेचला याचे रकाने, आणि शेवटी वर्षाच्या सुरुवातीला माणसाची किंमत किती होती, अखेरीला किती झाली याचा तक्ता. माणसं 'पूर्ण हात', 'अर्धा हात', 'पाव हात' अशी मोजायची: गरोदर बाई अर्धा, पोरगं पाव. पेशवे दफ्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीचे कागद असतात, नाव, वय, रुपये. मी ते विशीत वाचले आणि तेव्हा नुसती मोडी लागली याचाच आनंद झाला होता. ॲफ्लेकची वही पहिल्यांदा उघडली तेव्हा पुण्यातले ते कागद मला नीट वाचता आले.

कॅमेरॉन कागदांतली एक गोष्ट सांगतो, कारण पत्रांकडे पूर्ण पाठ फिरवू नका असंही सांगायचंय. मेरी वॉकर ही डंकन कॅमेरॉनच्या घरात गुलामगिरीत होती. 1848 मध्ये कुटुंबाबरोबर फिलाडेल्फियाला गेली असताना ती निसटली. तिची आई आणि मुलं मागे रॅलीत, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाच्या राजधानीत, राहिली. ती मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिजला राहू लागली आणि पुढची वर्षं मुलांना सोडवण्यात घालवली. 1859 मध्ये जे. पीटर लेस्ली या तिच्या हितचिंतकाने डंकनची मुलगी मिल्ड्रेड कॅमेरॉन हिला पत्र लिहिलं: मुलं विकत द्याल का, त्यांची आई त्यांच्यासाठी झुरतेय. ते पत्र कॅमेरॉनांनी फाडलं नाही, मुलंही दिली नाहीत. पत्र इतर कागदांबरोबर बांधून ठेवलं गेलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, 1865 मध्ये, ॲग्नेस आणि ब्रायंट ही तिची दोन मुलं आईपाशी पोहोचली. मालकाने जपलेल्या कागदांत त्याच्याविरुद्धचा पुरावा असा बसलेला असतो. म्हणून हिशेबात नावं मिळाली की मग त्या-त्या वर्षांची पत्रं वाचायला घ्या.

कॅमेरॉन खोक्यांत अडलात तर बाहेर बघा. मालक मेला की मालमत्तेची यादी कोर्टात जायची आणि त्यात माणसं नावानिशी, किमतीनिशी यायची. ते कागद रॅलीच्या राज्य अभिलेखागारात आहेत. मुलीच्या लग्नात आंदण म्हणूनही माणसं दिली जायची. तेव्हा एखादी बाई अचानक गायब झाली तर जावयाच्या आडनावाने केलेला संग्रह शोधा, तो ड्यूक विद्यापीठात किंवा दुसऱ्याच राज्यातही असू शकतो. 1866 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने मुक्त झालेल्या जोडप्यांना आपलं लग्न नोंदवायला लावलं. किती वर्षं एकत्र राहतोय ते त्यात लिहिलंय, आणि तीस-तीस वर्षांचे संसार तिथे पहिल्यांदा सरकारदरबारी लागतात. सगळ्या काउंटींच्या वह्या उरलेल्या नाहीत. मुक्त झालेल्यांसाठीच्या फ्रीडमेन्स ब्युरो या सरकारी खात्याचे मजुरीचे करार, आणि त्यांच्यासाठीच काढलेल्या, 1865 ते 1874 चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदी फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येतात. बँक बुडाली, गरिबांची पुंजी गेली, पण खातं उघडताना विचारलेली आई-वडिलांची, भावंडांची, काही नोंदींत जुन्या मालकाचीही नावं राहिली. रॅलीत तिची शाखा होती. आधी फॅमिलीसर्चवर आजींचं आडनाव टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आफ्रिकेतल्या गावापर्यंत पोहोचू का, हे आजी नक्की विचारतील. खरं ते सांगा. साउथ कॅरोलिनात 1756 मध्ये एलायस बॉलने 'हेअर' जहाजावरून आलेली सहा मुलं विकत घेतली आणि त्यांची नवी नावं आणि अंदाजे वयं वहीत लिहिली. त्यातली प्रिसिला दहा वर्षांची. जहाजाचे कागद न्यूयॉर्कमध्ये टिकले, बॉल घराण्याच्या वह्याही टिकल्या, म्हणून सिएरा लिओनपासून तिच्या आजच्या वंशजांपर्यंत सलग दुवा जुळला. इतकं सगळं जुळून येण्याचं हे अगदी दुर्मीळ उदाहरण आहे. आजींच्या बाबतीत 1800 च्या आसपासचं एखादं नाव मिळालं तरी मी ते फार मोठं यश मानेन.

वाचनकक्षात जायच्या आधी कोणती खोकी हवीत ते कळवून ठेवा, बरीचशी दुसरीकडे साठवलेली असतात. काही भाग डिजिटल आहे, तो घरी बसून आधी बघा. आत फक्त पेन्सिल चालते, एका वेळी एकच फोल्डर. हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात पुरतात. मोज्यांत बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. जुनी शाई मायफळ आणि हिराकस यांची असते, ती कालांतराने कागद खाते, अक्षर दाट तिथे जाळी पडते. असं पान दिसलं तर उचलू नका, वाचनकक्षातल्या कर्मचाऱ्याला बोलवा.

आणि आजींना घेऊन जा. फोटो आणून दाखवू असं करू नका. फक्त आधी त्यांना सांगा की नावापुढे डॉलर असतील, कदाचित मारल्याची नोंद असेल, आणि हवं तेव्हा उठता येईल. एकदा एका गृहस्थांना यादीत खापरपणजीचं नाव सापडलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. वाचनकक्षात शांतता राखायची जबाबदारी त्या दिवशी माझ्याकडे होती. मी जागचा हललो नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून किमतीच्या रकान्यावर, कागदाला न लावता, वरच्या वर धरला, आणि फक्त नाव दिसेल असा फोटो माझ्याकडून काढून घेतला.

दोन तासांपेक्षा जास्त बसवू नका. नंतर जमलं तर त्याच दिवशी स्टॅगव्हिलला जा. हॉर्टन ग्रोव्हची दुमजली घरं 1850 च्या सुमाराची आहेत, अजून उभी आहेत. तिथल्या लोकांना विटा दाखवायला सांगा. ओली वीट साच्यातून काढताना दाबली गेलेली बोटं त्यांत अजून आहेत. जमीन उंचसखल आहे, आजींची काठी गाडीत असू द्या.